पंख दिसले की लगेच स्वातंत्र्य लिहू नकोस

प्रिय पोरी,

तुझा मेसेज मिळाला, रेमेदिओस वारोच्या चित्राचा फोटो मिळाला, आणि रसग्रहणाचं ते अर्धं पानही नीट वाचलं. हे कसं झालंय असं तू सरळ विचारलंयस म्हणून सरळच सांगतो. "पंख हे स्वातंत्र्याचे प्रतीक आहे, घुबड हे ज्ञानाचे प्रतीक आहे आणि चित्रकर्तीने आपल्या अंतर्मनातील भावविश्व साकारले आहे" हे वाक्य काढून टाक. त्यात खोटं काही नाही, पण ते वाक्य कुठल्याही पंखवाल्या चित्राखाली चिकटवता येतं, आणि जे कुठेही चिकटतं ते या चित्राबद्दल काहीच सांगत नाही. तुझी नजर चांगली आहे, तुझी स्केचबुकं मी बघितलीत, म्हणून तुझ्याकडून असलं वाक्य आलं की मला खरंच वाईट वाटतं.

आता चित्र परत उघड. मोबाईलवर नको, कॉलेजच्या कॉम्प्युटरवर मोठं करून बघ. वारो ही स्पेनमधून मेक्सिकोत गेलेली चित्रकर्ती, तिचं हे 'पक्ष्यांची निर्मिती' १९५७ सालचं, मेक्सिको सिटीच्या मॉडर्न आर्ट म्युझियममध्ये असतं, आणि मूळ चित्र जेमतेम दोन फुटांचं आहे बघ, म्हणजे एवढ्याशा जागेत बाईनं किती बारीक काम करून ठेवलंय ते स्क्रीनवर झूम केल्याशिवाय कळतच नाही. अर्थबिर्थ सगळं बाजूला ठेव आणि मला एकच सांग, या चित्रात उडतंय कोण?

घुबडाच्या तोंडाची ती बाई उडत नाहीये. ती बसलीय. तिच्या समोर टेबल आहे, टेबलावर कागद आहे, एका हातात ब्रश आहे आणि तो ब्रश गळ्यात अडकवलेल्या व्हायोलिनच्या तारेला जोडलाय. दुसऱ्या हातात तिकोनी भिंग. खिडकीतून ताऱ्याचा उजेड येतो, भिंगातून जातो, त्याचे किरण फुटतात, आणि ते किरण कागदावर काढलेल्या पक्ष्यावर पडले की तो पक्षी जिवंत होऊन उठतो आणि खिडकीकडे जातो. बाजूला अंड्याच्या आकाराचं एक यंत्र आहे, ते बाहेरून नळीतून काहीतरी आत ओढतं आणि पॅलेटवर रंग सोडतं, लाल पिवळा निळा. एक पक्षी तर खाली जमिनीवर दाणे टिपतोय, त्याला उडायची घाईच नाही.

म्हणजे ही खोली म्हणजे वर्कशॉप आहे! आपल्या कोल्हापुरात गुजरीत, सोनारांच्या पेठेत, आतल्या बाजूला एखादा कारागीर मान खाली घालून, डोळ्याला भिंग लावून, आजूबाजूला काय चाललंय याचा पत्ता नसल्यासारखा बसलेला असतो, अगदी तशीच ही बसलीय. उडायचं सगळं सामान अंगावर असून ती टेबलाशी काम करतेय आणि उडून जातायत ते तिने केलेले पक्षी. आता तुझ्या त्या वाक्यातलं 'स्वातंत्र्य' कुणाचं, तिचं की त्यांचं? ती स्वतः मोकळी आहे का? तिला जायचंय का तरी? हे प्रश्न पडले की रसग्रहण चालू झालं समज, त्याआधी नाही.

असल्या विचित्र प्राण्यांच्या चित्रात मी सगळ्यात आधी बघतो तो सांधा. म्हणजे पंख शरीराला जिथे जोडलाय ती जागा. चित्रकार काय विचार करत होता ते तिथे उघडं पडतं, कारण पंख काढणं सोपं आहे, तो कुठून निघतो हे ठरवणं अवघड. तू अ‍ॅनाटॉमी शिकतेयस म्हणून सांगतो. पक्ष्याचा पंख म्हणजे त्याचा हातच, खांदा कोपर मनगट सगळं तिथे आहे, आणि त्या हाताला पिसं फुटलीत. वटवाघळाचा पंखही हातच, पण तिथे बोटं भयंकर लांब झालीत आणि त्या बोटांच्या मध्ये कातडी ताणलीय, फक्त अंगठा मोकळा असतो नखासकट. फुलपाखराचा किंवा चतुराचा पंख मात्र हात नाहीच, ती अंगाच्या कवचातून निघालेली पातळ पापुद्र्यासारखी वाढ आहे, तिला शिरा असतात पण हाड नाही. त्यामुळे माणसाला दोन हातही आहेत आणि पाठीवर दोन पंखही आहेत, असं कुणी काढलं की तो एक जास्तीचा अवयव झाला, आणि तो हलवायला स्नायू कुठे बसवणार? पक्ष्याच्या छातीच्या हाडाला मधे उभी धार असते, उडायचे जाडजूड स्नायू तिला धरून असतात. युरोपातले देवदूत बघ, सपाट छातीचे आणि पाठीवर हंसाएवढे पंख. ते उडायसाठी नाहीतच, ते ओळखायसाठी आहेत, की हा देवाकडून आलाय.

वारोनं काय केलंय बघ आता. सांधाच पुसून टाकलाय. हात बघ, बाईचे आहेत, नाजूक. तोंडवळा आपल्या गव्हाणी घुबडाच्या जवळचा. पण मधे ती पिसं म्हणजे तिची कातडी आहे की तिने घातलेला झगा आहे, हे कितीही झूम केलं तरी नक्की सांगता येत नाही, आणि मला वाटतं हा या चित्रातला सगळ्यात हुशार निर्णय आहे. ती जन्मानं पक्षी आहे का पक्षी करता करता पक्षी झालीय, हे वारोनं उघडं ठेवलंय. हे तू लिही की. हे तुला कुठल्या वेबसाईटवर मिळणार नाही, आणि चित्रात मात्र समोर दिसतंय.

पंख कुठल्या जातीचा हेही बघायची सवय लाव. ब्रॉयगल या जुन्या युरोपियन चित्रकाराचं १५६२ चं चित्र आहे, बंडखोर देवदूत स्वर्गातून खाली पडतायत असं, ब्रसेल्सच्या म्युझियममध्ये. पडता पडता ते मासे होतात, किडे होतात, कायच्या काय होतात. त्या गर्दीत एकाला चक्क फुलपाखराचे पंख आहेत, आणि ते मनाला येईल तसे काढलेले नाहीत, युरोपातल्या स्वॅलोटेल फुलपाखराचे आहेत, पिवळ्यावर काळ्या रेघा, ठिपके, सगळं ओळखू येण्याइतकं. नरकात पडणाऱ्या सैतानाला एवढे सुंदर पंख का दिले असतील? त्याने फुलपाखरू बघून बारीक अभ्यास केलाय हे नक्की. त्या काळी सैतानाला वटवाघळाचे पंख आणि देवदूताला पक्ष्याचे, असा साधारण रिवाज होता, लोकांना चित्र बघताच कळायचं. फुलपाखराचा पंख दिला की तो हिशोब विस्कटतो, बघणारा क्षणभर थांबतो. चित्रकाराला ते थांबणंच पाहिजे असतं.

आणि हे वाचायला परदेशी पुस्तकंच लागतात असं समजू नकोस. टाऊन हॉलच्या बागेत जा दिवसा, वर बघ, झाडांवर वटवाघळं उलटी लटकलेली असतात, पंख अंगाभोवती लपेटून. अर्धा तास उभी राहा, एखादं हलतं, पंख उघडतं, तेव्हा आतली बोटं उजेडात आरपार दिसतात. ते स्केच कर. मग कुठल्याही चित्रातला कातडीचा पंख खरा बघून काढलाय का ऐकीव आहे, ते तुला बघताक्षणी कळेल.

आपल्याकडे जोडून केलेले प्राणी काय कमी आहेत का? किल्ल्यांच्या दरवाज्यांवर शरभ असतो, सिंहासारखं अंग, कुठे पंख, आणि पंजात शेपटीत धरलेले इवलेसे हत्ती. आपण ट्रेकला जातो, त्याच्या खाली सेल्फी काढतो आणि वर जातो. गंडभेरुंड असतो, दोन डोक्यांचा पक्षी, तो तर कर्नाटक सरकारच्या चिन्हातच आहे, म्हणजे इथून निपाणीला गेलीस की सरकारी पाटीवर भेटतो. आता गंमत बघ, शैव कथेत नरसिंहाचा राग आवरेना म्हणून शंकराने शरभाचं रूप घेतलं आणि त्याला शांत केलं. वैष्णवांकडे त्याच्या पुढची कथा आहे, नरसिंहानेच गंडभेरुंडाचं रूप घेतलं आणि शरभाला भिडला. तेच दोन प्राणी, आणि जिंकणारा कोण हे सांगणाऱ्यावर अवलंबून. मग 'शरभ कशाचं प्रतीक आहे' याचं एका ओळीचं उत्तर कसं देणार तू? दरवाज्यावर तो कुणी बसवला, कधी बसवला, खालचे हत्ती कुणाचे समजायचे, हे विचारल्याशिवाय उत्तर नाही. अंबाबाईच्या देवळात गरुड मंडपात तू लहानपणापासून येतजात असशील, गरुड ही पण तीच जोडाजोड, माणसाचं अंग, चोचीसारखं नाक, जोडलेले हात आणि वर पंख. एवढा बलवान पक्षी आणि देवापुढे हात जोडून. तिथेही पंख आहेत आणि उडणं नाहीये, लक्षात येतंय का मी काय म्हणतोय?

घुबडाचंही तसंच. तू 'ज्ञान' लिहिलंस ते ग्रीक लोकांकडून आलेलं. तुझ्या आजीला विचार, ती म्हणेल घरावर घुबड बसलं की अपशकुन. आणि त्याच घरात लक्ष्मीच्या तसबिरीत घुबड तिचं वाहन म्हणून बसलेलं असतं. पहाटे दारात पिंगळा येतो भविष्य सांगायला, त्याचं नावही एका छोट्या घुबडाचंच. वटवाघळाचं बघितलंस तर आपल्याकडे लोक नाक मुरडतात, चिनी कलेत ती सुखसमृद्धीची खूण आहे. त्यामुळे प्रतीकांचा तक्ता पाठ करून चित्र वाचता येत नाही, चित्रकार कुठल्या मातीतला, त्याच्या आजूबाजूला लोक त्या प्राण्याला काय समजायचे, हे बघावं लागतं.

वारोच्या बाबतीत ही माती स्पेनची. जन्म १९०८ चा, वडील पाण्याच्या कामांचे इंजिनीअर, ते पोरीकडून आपल्या टेक्निकल ड्रॉइंगच्या कॉप्या करून घ्यायचे, म्हणून तिच्या चित्रातली यंत्रं कशी खरी वाटतात, नळी कुठून कुठे जाते ते दिसतं. माद्रिदच्या अकादमीत शिकली, मग पॅरिसला सर्रिअलिस्ट लोकांत, म्हणजे स्वप्नातलं, मनाच्या तळातलं काढणाऱ्यांत, मग नाझी आले तेव्हा पळून १९४१ ला मेक्सिको. आणि माद्रिदला शिकलेल्या पोरीने गोया, स्पेनचा तो मोठा चित्रकार, बघितलेला असणारच. गोयाचं १७९९ चं एक प्रिंट आहे, चित्रकार टेबलावर डोकं ठेवून झोपलाय आणि मागून घुबडं आणि वटवाघळं उठून त्याच्यावर आलीत. विवेक झोपला की राक्षस जन्माला येतात, असं तिथे लिहिलंय. गोयाच्या काळच्या स्पेनमध्ये घुबड ज्ञानाचं नव्हे, मूर्खपणाचं चिन्ह समजायचे. नीट बघितलंस तर त्यातलं एक घुबड झोपलेल्या चित्रकारापुढे काढायची कांडी धरतंय, घे म्हणून. आता ही दोन चित्रं शेजारी शेजारी ठेव. गोयाकडे टेबल आहे, वारोकडे टेबल आहे. गोयाकडे माणूस झोपलाय आणि घुबड कांडी पुढे करतंय, वारोकडे माणूस आणि घुबड एकच झालेत, ते जागं आहे, आणि ब्रश त्याने स्वतःच्या हातात घेतलाय. वारोनं मुद्दाम गोयाला उत्तर दिलं असं मी छातीठोक म्हणणार नाही, पण शेजारी ठेवल्यावर मला ही बाई किती जागी आहे ते जास्त जाणवतं. सगळे म्हणतात सर्रिअलिझम म्हणजे स्वप्न, झोप, बेशुद्धी. त्यांचा म्होरक्या ब्रेताँ, त्याने १९२४ ला जाहीरनामा काढला तेव्हा भर त्यावरच होता. आणि ही बाई त्याच परंपरेत राहून झोपेच्या बरोबर उलटं काहीतरी काढते, शुद्धीवरचं, हिशोबाचं, हाताचं काम. मला हे लई मोठं वाटतं.

एक गोष्ट मात्र वेगळी आहे आणि ती न कळल्याने पोरं फसतात. सगळेच काही वारोसारखं ठरवून काढत नाहीत. माक्स अर्न्स्ट घे, तोही सर्रिअलिस्टच, मूळचा जर्मन. त्याने १९२५ च्या सुमारास लाकडी फळ्यांवर कागद ठेवून वर शिसं घासायला सुरुवात केली, लाकडाच्या रेषा कागदावर उमटायच्या आणि त्या रेषांत त्याला जंगलं, पक्षी, डोळे दिसायचे, मग तो ते पक्के करायचा. म्हणजे प्राणी आधी मनात नव्हता, तो सापडला. अशा चित्राला 'चित्रकाराला यातून काय सांगायचंय' हा प्रश्न विचारला की गाडी अडकते. तिथे विचारायचं, त्याला यात काय दिसलं आणि त्याने काय ठेवायचं ठरवलं. तू स्वतः करून बघ, कुणाच्या तरी जुन्या वाड्याच्या दारावर कागद लाव आणि ६बी, म्हणजे मऊ काळी, पेन्सिल आडवी धरून घास, दुपारभर बस, मग तुला पुस्तकातल्या कुठल्याही पानापेक्षा जास्त कळेल. अर्न्स्टबद्दल सगळीकडे एकच गोष्ट सांगतात, की १९०६ ला त्याचा पाळलेला काकाकुवा मेला त्याच वेळी बहीण जन्मली आणि त्याच्या डोक्यात पक्षी आणि माणसं कायमची मिसळली. गोष्ट त्याने स्वतःच सांगितलीय. पण ती वाचली की पोरं बघायचंच थांबवतात, सापडली किल्ली म्हणून. त्याचं १९३७ चं चित्र बघ, स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटलेलं असताना काढलेलं, नाव ठेवलंय घरातल्या चुलीपाशी राखण करणाऱ्या देवदूताचं, आणि चित्रात मोकळ्या माळावर एक अवाढव्य चिंध्यांसारखं जनावर थयथयाट करत सुटलंय. देवदूत म्हटलंय आणि धड पंख कुठे नाहीत. तिथे काकाकुवा तुझ्या काय कामाचा?

बेल्जियमच्या मॅग्रिटचं, तोही सर्रिअलिस्ट, थोडक्यात सांगतो. १९४० चं चित्र, ब्रसेल्स जर्मनांच्या ताब्यात गेलं ते साल. काळा सूट घातलेला माणूस पुलाच्या कठड्यावर वाकून खाली बघतोय, पाठीवर पंख, मिटलेले. मागे एक सिंह बसलाय दुसरीकडे तोंड करून. पंख असून माणूस पूल सोडत नाही. एवढं बघितलंस की पुढचं तुझं तू काढशील.

तू म्हणतेस आमच्याकडे सगळं रिअलिस्टिक शिकवतात, पोर्ट्रेट आणि लँडस्केप, मग हे असलं मला कसं वाचता येणार. अगं उलट आहे! आपल्या कोल्हापूरच्याच आबालाल रहिमानांनी कोटीतीर्थाचं आणि रंकाळ्याचं पाणी वेगवेगळ्या वेळच्या उजेडात काढलं, बाबुराव पेंटरांनी पोर्ट्रेट केली, नाटकाचे पडदे रंगवले, शिल्पं केली, सिनेमाचा कॅमेरा स्वतः जोडला. ही शिस्त म्हणजे उजेड कुठून येतोय, सावली कुठे पडली पाहिजे, वजन कुठल्या पायावर आहे, कापड कशावर ताणलंय, हे बघता येणं. अशक्य प्राण्याचं चित्र वाचायला तेच लागतं. कारण असली चित्रं बहुतेक सगळी खऱ्या नियमांनी काढलेली असतात आणि एखाद्याच जागी नियम मोडलेला असतो. ती जागा कोण शोधणार? ज्याला नियम हाताने माहीत आहे तोच. ज्याला सावली काढता येत नाही त्याला खोटी सावली दिसत पण नाही.

म्हणून आता असं कर. चित्राचं पेन्सिलने साधं स्केच कर, सुंदर नको, फक्त कुठे काय आहे ते. त्यावर उजेडाचे बाण काढ, खोलीत उजेड कुठून कुठून येतोय, ताऱ्याचा किरण कुठे जातो, आणि बाईच्या अंगावरचा उजेड त्याच्याशी जुळतो का. मग प्रत्येक पक्षी शोध आणि तो काय करतोय ते क्रियापदात लिही. उठतोय, निघतोय, टिपतोय. विशेषणं नकोत, 'गूढ' आणि 'स्वप्नवत' हे दोन शब्द तर या महिन्यात वापरूच नकोस. नाव आणि चित्रकर्तीचं आयुष्य सगळ्यात शेवटी आण, आणि तेसुद्धा चित्रातली एखादी गोष्ट त्यामुळे जास्त नीट दिसत असेल तरच, जसं वडिलांच्या ड्रॉइंगमुळे ती नळी दिसते. कुठे काही कळलं नाही तर तसं लिही की, 'ही जागा मला लागत नाही' असं स्पष्ट लिहिलेलं रसग्रहण मला पानभर प्रतीकांपेक्षा कितीतरी जास्त आवडेल, आणि जो परीक्षक खरंच चित्र बघतो त्यालाही आवडेल.

व्हायोलिनबद्दल मी काहीच बोललो नाही, मुद्दामच. ब्रश टेबलावरच्या दौतीला जोडता आला असता, त्या रंगाच्या यंत्राला जोडता आला असता, वारोनं तो गळ्यातल्या व्हायोलिनच्या तारेला का जोडला? त्यावर तुझं स्वतःचं एक पान लिही आणि स्केचसोबत शनिवारपर्यंत पाठव. फोटो काढताना कागद सपाट ठेव, मागच्या वेळी वळला होता आणि कडेचं काही वाचता आलं नव्हतं.

तुझा,
सर